पांगुळगाडा आणि लोखंडी वाट

खूप जुनी गोष्ट बरं का, डोंगर अजून तरणे होते तेव्हाची. एका राज्याला एका अंगाने समुद्र होता आणि डोंगरांपलीकडे काळ्याभोर मातीचं पठार. तिथे गहू असा यायचा की उभा माणूस आत दिसायचा नाही. पण बंदरापर्यंत न्यायला धड वाट नव्हती. गहू जागीच कुजायचा.

नांगर मात्र परदेशातून जहाजाने यायचे, तेही स्वस्तात. राज्यातले लोहार भट्ट्या विझवून बसलेले.

राजाला त्यांची दया आली. त्याने परक्या नांगरांवर जबर जकात बसवली. भट्ट्या पेटल्या. पण घेणारा जातोय कुठे? लोहार कसंतरी ठोकून द्यायला लागले.

एक दिवस पठारावरची एक शेतकरीण वाकडा फाळ घेऊन दरबारात आली.

"महाराज, हा फाळ की जिलबी? नांगर महागला, गहू कुजला. यंदा जमीन पडून राहिली तर आम्ही पठार सोडू."

थोरला लोहार गयावया करत म्हणाला, "हात आत्ता कुठे बसतोय, बाई. जकात उठली तर भट्टी उद्याच विझेल."

राजा पेचात पडला. तेवढ्यात छोटा राजपुत्र पांगुळगाडा ढकलत दुडूदुडू आत आला.

"चांगला पळतोय की!" शेतकरीण म्हणाली. "मग गाडा कशाला?"

"पडेल म्हणून," राजा म्हणाला.

"मग लग्नाच्या मांडवातही ढकलतच येईल!"

सगळे हसले. राजा हसला नाही. त्याने गाडा काढून घेतला. पोर डगमगलं, पडलं, उठलं आणि चालायला लागलं.

राजा म्हणाला, "जकात राहील, पण तिच्या पैशातून पठारापर्यंत लोखंडी वाट होईल. रूळ लोहारांनीच घडवायचे. वाट पोचली की जकात बंद. तोवर वाकलेला फाळ लोहाराने शेतावर जाऊन फुकट बदलून द्यायचा."

थोरला लोहार पहिल्यांदा शेतावर गेला, तेव्हा शेतकरणीने नांगरच त्याच्या हाती दिला. "धर दादा, तूच हाक!"

चिकट माती फाळाला लिंपून बसली. लोहार घामाघूम झाला. तेव्हा कुठे त्याला फाळ कळला. पुढे रूळ ठोकून ठोकून हात बसला आणि त्याने आरशासारखा लखलखीत फाळ घडवला. माती त्याच्यावरून लोण्यासारखी सरकली.

लोखंडी वाट पोचली. आगीवर धावणारी गाडी गव्हाने भरली. जकातनाक्याचा अडसर कोणी काढायचा? थोरला लोहार घण घेऊन पुढे झाला आणि एका घावात त्याने तो तोडला!

परक्या नांगरांचं जहाज बंदराला लागलं. जहाजावरच्या व्यापाऱ्याचा नांगर पठाराच्या चिकट मातीत दोन पावलांत रुतला, लोहाराचा मात्र शेत पार करून गेला. परतताना त्याच जहाजात पठारचा गहू होता, आणि गव्हावर रचलेले लोहाराचे नांगर.

धक्क्यावर शेतकरीण लोहाराला म्हणाली, "चाललास की रे दादा, गाड्याशिवाय!"

तर लेकरांनो, आधार द्यावा तो चालायला शिकण्यापुरता, आणि पाय भक्कम झाले की ज्याचा त्यानेच तो सोडावा.