सात कवडसे

घरे पारखण्यात हयात गेलेला एक वृद्ध स्थपती होता. एकदा वैशाखातल्या भर दुपारी एका व्यापाऱ्याने त्याला बोलावून घेतले. व्यापाऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि तिच्यासाठी एक कौलारू घर त्याच्या मनात भरले होते.

वृद्धाने माजघराची दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि शिष्याला जवळ घेऊन तो अंधारात घटकाभर नुसता बसून राहिला. डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा तो अंधार होता. बाहेर येऊन म्हणाला, "छप्पर निर्दोष आहे. घर घ्यायला हरकत नाही."

व्यापाऱ्याचे समाधान झाले नाही. "आचार्य, आपण तर शिडीसुद्धा लावली नाहीत. वर न चढता छपराची पारख कशी व्हावी?"

गुरूंना कोणी असे बोलावे, हे शिष्याला लागले. उत्साह दांडगा, त्यात वय कोवळे. तो वहाणांसकट वर चढला, ताठ मानेने छपरावर फिरून आला आणि म्हणाला, "शेटजी, सगळे पाहिले. एकही कौल फुटलेले नाही." आता कुठे खरी तपासणी झाली, असे व्यापाऱ्याला वाटले.

वृद्ध दोघांना घेऊन माजघरात गेला आणि त्याने पुन्हा दारे-खिडक्या लावल्या.

मघाच्या त्या अंधारात आता जमिनीवर सात कवडसे पडले होते. डावा, उजवा, पुन्हा डावा, कोणी चालत गेल्यासारखे. शिष्याने एकावर पाऊल ठेवले, मग पुढच्यावर. अंतर तंतोतंत जुळले. सूर्याने त्याचीच चाल त्याच्यापुढे मांडली होती. सातवा कवडसा तुळईला पाळणा टांगण्यासाठी ठोकलेल्या कड्यांखाली होता.

"आचार्य, हे मी केले?"

"बाळा, छपरावर कधी चढूच नये असे नाही. खालून जे कळत नाही, त्यासाठी चढावेच लागते. पण कौल पाऊस झेलण्यासाठी असते, माणूस झेलण्यासाठी नव्हे. तू पाहिलेस ते पुढचे. फुटले ते तुझ्या पाठीमागे. आणि खरे सांग, तू छप्पर पाहायला चढलास, की आम्ही तुला पाहावे म्हणून?"

शिष्याची मान खाली गेली. व्यापारी हळूच म्हणाला, "त्याला चढवले मीच. हात दाखवून अवलक्षण झाले."

"मग आता चढ," वृद्ध शिष्याला म्हणाला. "आता वर काम आहे."

शिष्याने वहाणा काढल्या. शिडी छपरावर आडवी टाकून, तिच्यावर भार देत, रांगत रांगत त्याने सातही कौले बदलली. खाली येऊन दारे-खिडक्या त्याने स्वतःच्या हाताने लावल्या आणि तिघेही श्वास रोखून उभे राहिले. अंधार पुन्हा पूर्ण झाला होता. इतका सुंदर अंधार शिष्याने कधी अनुभवला नव्हता.

त्या अंधारात व्यापाऱ्याने वर हात करून पाळण्याची कडी चाचपली. "इथेच बांधू," तो म्हणाला.