चंदनाचा बगळा

“आधी पाण्याच्या पाटाचा नमुना! त्यात एक चिरासुद्धा कमी असता कामा नये. तोवर तुझा बाप कोठडीत!” राजा धुरंधरसेन येसूवर गरजला.

तिच्या बापाचा, मालू पाथरवटाचा, गुन्हा काय? वरच्या पेठेतल्या बायका दरी उतरून घागरी आणतात, हे बघवेना म्हणून त्याने डोंगरातल्या झऱ्यापासून पाट खणायला घेतला. नमुन्याशिवाय! आणि दरबारचे त्र्यंबकशास्त्री? ते वर्षानुवर्षं चंदनात पाटाचा नमुना कोरत बसले होते. काठावरचं झाड झालं, झाडावरचा बगळा झाला, आता बगळ्याच्या पिसांवरून वाद चालू होता. कुदळीचं नाव कुणी काढत नव्हतं.

“महाराज, नमुन्याला लागेल ते मिळेल? दगड, माणसं, जागा?” येसूने विचारलं.

“मिळेल! होळीला बघायला येईन.”

शास्त्रीबुवा फिसकन हसले. “पोरी, प्रमाण म्हणजे काय ते कळतं का तुला?”

“तहान कळते, बुवा!”

येसूने ना चंदन घेतलं, ना पटाशी. रोज सकाळी चुलीतली राख घेऊन डोंगरावर जायची, त्या दिवशी खणायचं तेवढ्याच जागेवर रेघ ओढायची आणि तिच्यावर लोटाभर पाणी ओतायची. पाणी भलतीकडे पळालं की रेघ पायाने पुसून दुसरी! रेघेवरून वाहिलं की पेठेतली माणसं कुदळी आणि राजाने दिलेले चिरे घेऊन तयारच.

होळीला राजा आला. “कुठाय नमुना?”

“तुम्ही काठावरच उभे आहात, महाराज!”

राजाने खाली पाहिलं. पायाशी पाणी खळाळत होतं.

“हा तर पाट!” शास्त्री किंचाळले. “नमुना लहान असतो!”

“लहान केला की काहीतरी सुटणारच, बुवा. हुकूम होता, एक चिरासुद्धा कमी नको. मोजा चिरे! तुमच्या नमुन्यात बगळ्याचं पीसन्‌पीस आहे, पण पाणी कुठंय?”



“माझ्याच हुकुमात मी अडकलो!” राजा म्हणाला. “मालूला सोडा. आजपासून राज्यातले सगळे पाट तोच बांधेल. आणि पोरी, तुला काय हवं?”

“तो चंदनाचा नमुना द्या, महाराज! बाबा कोठडीतून येतील, त्यांना न्हाऊ घालायचंय. पाणी आलंय, पण तापवायला लाकूड नाही!”

राजा इतका हसला, की त्याला पाटाच्या काठावरच बसावं लागलं. मग त्याने नमुना आणवला आणि स्वतःच्या हाताने बगळा मोडून येसूच्या ओंजळीत टाकला, वर गळ्यातला मोत्यांचा कंठाही. येसूने कंठा गळ्यात घातला आणि बगळा चुलीत.