माडीवरच्या काकूंचं ताट

“मी ओरडून ओरडून सांगितलं, आबा. पण माझ्यावर कुणाचा विश्वासच बसत नाही.”

एकदा एक मालिका लिहिणारी बाई ही तक्रार घेऊन आपल्या गुरूच्या दारात उभी राहिली. बाईचं नाव हर्षदा मोघे. गुरू म्हणजे टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळात मालिका लिहिलेला एक म्हातारा. आता तो गावाबाहेरच्या बसक्या कौलारू घरात एकटाच राहत होता आणि आपलं आपण रांधून खात होता. हर्षदाला संवाद लिहायला त्यानंच शिकवलं होतं.

तिचं दुःख काही खोटं नव्हतं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांत राबल्यावर तिला स्वतःची मालिका मिळाली होती. मोठं एकत्र कुटुंब आणि सगळ्यांना जीव लावणारी एक सून, अशी गोष्ट. सुरुवातीला बायका हातातलं काम टाकून बघायच्या. मग प्रेक्षक गळायला लागले, ते गळतच गेले. वाहिनीनं तिला बजावलं होतं: हे कशामुळे झालं आणि कोणामुळे झालं, ते सोमवारपर्यंत लिहून द्या. पटलं तर मालिका चालेल, नाहीतर पंधरा दिवसांत बंद.

“लिहून आणलंय मी,” हर्षदानं पिशवीतून कागद काढला. “तीन नावं आहेत. एक तो दिग्दर्शक, सगळं घाईत उरकतो. दुसरी ती नायिका, तिला रडता येत नाही. तिसरा वाहिनीचा साहेब, त्यानं वेळ बदलली. तोंडी सांगितलं तर हसले मला. तुम्ही खाली दोन ओळी लिहा, तुमचं मानतील.”

“आधी जेव,” म्हातारा म्हणाला.

त्यानं तीन ताटं मांडली. दोघांची दोन आणि भिंतीकडेला तिसरं. तिन्ही ताटांत भात, वरण आणि दोडक्याची भाजी वाढली. मग छताकडे तोंड करून त्यानं हाक मारली, “काकू, पान वाढलंय.”

हर्षदानं वर पाहिलं. वर कौलं होती. त्या घराला माडी नव्हतीच.

कुणी आलं नाही. म्हाताऱ्यानं थोडी वाट पाहिली, तिसऱ्या ताटावर झाकण घातलं आणि जेवायला बसला. कागदाचं विचारलं, तर “उद्या बघू” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा तेच. तीन ताटं, कौलांकडे बघून हाक, झाकण. हर्षदाला दोन काळज्या लागल्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल तर त्याच्या दोन ओळींचा उपयोग काय, ही एक काळजी. आणि ही काकू आहे तरी कोण, ही दुसरी. खरं तर दुसरीच जास्त कुरतडत होती.

शनिवारी तीन ताटं वाढून म्हाताऱ्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, “पुरे झालं आबा. वर कोणी नाही. कोणाला बोलावताय?”

“नाही कसं? तूच पाठवलीस की तिला माडीवर. ‘डोकं दुखतंय, जरा पडते,’ असं म्हणाली आणि जिना चढून गेली. एकशे बारा भाग झाले हर्षदा, बाई जेवायला उतरली नाही. म्हटलं, तुमच्या घरात कोणी विचारत नाही, निदान मी तरी विचारावं.”

हर्षदाला आधी हसू आलं. “मालिकेतल्या काकू होय! अहो, काकूंचं काम करणाऱ्या बाईंना कमी करा असं निर्मात्यानं सांगितलं. खर्च परवडत नव्हता. आणि ते पात्र केवढंसं! कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

“बाईला कमी करा, असं त्यानं सांगितलं. तिची चौकशी करू नका, असं कोणी सांगितलं?”

हर्षदानं पुन्हा वर कौलांकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं तिसऱ्या ताटावर झाकण घातलं, आपलं ताट पुढ्यात ओढलं आणि शांतपणे बोलू लागला. “शेजारची शेवंता इथं येऊन तुझी मालिका बघायची. भाजी निवडता निवडता रोज विचारायची, काकू उठल्या का? महिनाभर विचारलं तिनं. मग विचारायची थांबली. मग बघायचीच थांबली. का थांबलीस म्हटलं, तर तिला सांगता येईना. मला येतं. ज्या घरात माणूस दिसेनासं झालं आणि कुणी ‘कुठं आहे’ म्हणून विचारत नाही, असं घर तिला नवं नाही. अशाच घरात ती दिवसभर राबते. मग संध्याकाळी आणखी एका तसल्याच घरात कशाला जाईल? तुझी सून सगळ्यांसाठी रडते म्हणतेस. चार पायऱ्या चढून चहाचा कप नेला नाही त्या पोरीनं. तिच्या रडण्यावर विश्वास कोण ठेवणार? नायिकेला रडता येतं, हर्षदा. तिला खरी ठरवायला तुझी एक ओळ हवी होती.”

मालिकेतल्या घराचं राहू द्या. आपापल्या घरातली माणसं मोजून बघावी, असंच हे बोलणं होतं.

हर्षदा जेवली नाही. तिथंच भिंतीला टेकून तिनं वही काढली. सून ताट घेऊन जिना चढते. दार बंद आहे. ती दाराशी ताट ठेवून खाली बसते आणि म्हणते, “काकू, मला फार उशीर झाला.” एवढाच प्रसंग. कमी केलेल्या बाईंना त्यात यायची गरजच नव्हती.

तिनं तो वाचून दाखवला. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, उठला आणि तिसऱ्या ताटावरचं झाकण काढून ताट तिच्या पुढ्यात ठेवलं.

“काकूंना ताट पोचलं, हे आता तू जेव. दोन ओळी लिहून देऊ का कागदावर?” त्यानं विचारलं.

“नको,” ती म्हणाली. तिनं कागदावरची तिन्ही नावं खोडली. कशामुळे, या शब्दापुढे लिहिलं: माडीवर गेलेल्या माणसाची घरात कुणी चौकशी केली नाही. मग कोणामुळे, या शब्दापुढे तिनं स्वच्छ अक्षरांत एकच नाव लिहिलं: हर्षदा मोघे.