तोंडावर म्हणायचं वाक्य

“तिला असं काय येतं, सर, जे मला येत नाही?”

निशिकांत बोरसेनं चपलाही काढल्या नव्हत्या. सोहनी सर ओसरीवर द्राक्षं निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस.”

“बसायला आलो नाही मी.”

“मग उभा राहा.”

हे सोहनी सर म्हणजे एक वल्ली. अर्धं आयुष्य चेक देशात, ब्रनो शहरातल्या एका कारखान्यात काढलं आणि म्हातारपणी नाशकात परतून ओसरीवर चेक भाषा शिकवायला बसले. लोक म्हणत, चेक शिकून काय करायचं, बँकेत जायचं? सर म्हणत, नाही बाबा, माणसांत जायचं.

आणि आता खरंच जायची वेळ आली होती. इथल्या एका कारखान्याची यंत्रं ब्रनोला निघाली होती. इंग्रजीतली बोलणी चेकमध्ये करून सांगणारा दुभाषा हवा होता, वर्षभर तिथं राहणारा. नाव सरांनी सुचवायचं होतं. निशिकांतनं थंडीचा कोटसुद्धा विकत घेऊन ठेवला होता, आणि गल्लीभर सांगूनही झालं होतं. आज सकाळी कळलं, सरांनी नाव दिलं रेणुका गायधनीचं.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. रेणुका! जी त्याच्यामागून वर्गात आली, जिला अजून बोलताना मध्येच शब्द आठवत नाहीत, ती! आईनं कोट घडी करून ट्रंकेत ठेवला, ते तर फारच लागलं.

“‘गिव्ह अप’चं परवा तिनं काय केलं, आठवतं ना?” तो म्हणाला. “चेकमधला एक शब्द ‘दे’चा, एक ‘वर’चा. जोडले नि मोकळी! ‘हार मान’ म्हणायचं तर ‘वर दे’! सगळा वर्ग हसला.”

“तीही हसली.”

“आणि मी? ‘पुट अप विथ’ विचारलंत, मी उभ्या उभ्या चार पर्याय दिले. सासूला सोसणं वेगळं, थंडी सोसणं वेगळं, सगळं फोडून सांगितलं.”

“सांगितलंस खरं.”

“मग?”

सरांनी एक नासका मणी बाजूला टाकला…

“सर, कुणी म्हणेल हा जळतोय. तसं नाही हं. मला फक्त अन्याय सहन होत नाही. बाकी रेणुकाचं चांगलं झालं, त्याचा मला आनंदच आहे.”

आता मात्र सरांनी वर पाहिलं.

“आनंद आहे?”

“आहे.”

“इंग्रजीत काय म्हणतील?”

निशिकांतला बरं वाटलं. परीक्षा म्हटली की तो घरच्या अंगणात असल्यासारखा असे.

“आय ॲम हॅपी फॉर यू.”

“आणि चेकमध्ये?”

“शब्दाला शब्द लावला तर हसतील लोक. तिथं म्हणतात, ‘प्रझेयु ति तो’. तुला हे मिळावं असंच मला मनापासून वाटतं.”

“वा! ब्रनोतला माणूस याहून वेगळं म्हणणार नाही.”

निशिकांतची छाती फुगली.

“मग जा, म्हणून ये,” सर म्हणाले. “मागच्या पडवीत आहे ती. पेढे घेऊन आलीय.”

झालं. सरांची ही जुनी खोड सगळ्या शिष्यांना ठाऊक होती. वहीत लिहिलेलं भाषांतर ते बघायचेच नाहीत. वाक्य ज्याला म्हणायचं, त्याला तोंडावर म्हणून यायचं आणि तो काय म्हणाला, ते जसंच्या तसं येऊन सांगायचं. त्यापायी शिष्यांनी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना चेक ऐकवलं होतं.

“आत्ता?”

“आनंद शिळा कशाला करतोस?”

निशिकांत पडवीत गेला. रेणुका त्याला बघून लगबगीनं उठली, हातात पेढ्यांचा पुडा.

“दादा! तुमच्याकडेच निघाले होते मी. घ्या ना.”

तो ताठ उभा राहिला. घसा साफ केला. चेक लोकांचा तो अवघड ‘र’, ज्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते, तो त्यानं लोण्यात सुरी घालावी तसा काढला.

“प्रझेयु ति तो.”

रेणुकाचा पेढा धरलेला हात तसाच राहिला. त्याचा चेहरा बघता बघता तिचं हसू हळूहळू ओसरलं…

“दादा, माझं काही चुकलं का?”

“छे! चुकायचं काय त्यात?”

“तुम्ही म्हणत असाल तर मी नाही जात. सरांना सांगते तसं.”

‘सांग’ हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. कसाबसा गिळला त्यानं. कोट दिसला, गल्ली दिसली, ब्रनोचा न पाहिलेला रस्ता दिसला. पेढा न घेताच तो वळला.

ओसरीवर सर वाट बघत होते.

“म्हणालास?”

“म्हणालो.”

“उच्चार?”

“बिनचूक.”

“आवाज कापला?”

“नाही.”

“मग? काय म्हणाली ती?”

आभार मानले तिनं, असं सांगावं… क्षणभर मनात आलंच त्याच्या. पण इतक्या वर्षांत या ओसरीवर कुणी खोटा निरोप आणला नव्हता, आणि आपण पहिले व्हावं एवढी त्याची छाती नव्हती. चेहरा नुसता पेटला होता.

“म्हणाली…”

“हं.”

“म्हणाली, ‘दादा, माझं काही चुकलं का?’”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनंच. मग म्हणाले,

“भाषांतर बरोबर केलं तिनं.”