झाकोळाचा पंख

फार फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण यातला सगळा घोळ मोठ्यांनीच घातला होता.

आपल्या आभाळाच्या कितीतरी पल्याड एक वाळूचं जग होतं. तिथे दोन सूर्य होते. एक तांबडा, अगदी मवाळ. दुसरा पांढरा, आणि तो असा तापट की उघड्यावर चालणारा माणूस संध्याकाळ बघेल याची खात्री नसे. मग अशा ठिकाणी माणसं राहायला गेलीच कशाला, असं विचाराल. ती गेली नव्हती. त्यांच्या पूर्वजांचं आकाशातलं जहाज तिथे येऊन आपटलं, आणि जी वाचली ती तिथलीच झाली.

त्या जगात पाणी एका जागी थांबत नसे. उत्तरेचा झरा आटला की दक्षिणेचा फुटायचा. मग सगळी वस्ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाळवंट ओलांडायची. हे जमायचं ते केवळ झाकोळामुळे.

झाकोळ हा एक प्रचंड उडणारा जीव होता. तो माणसांच्या डोक्यावर संथ तरंगत राही, आणि त्याने पंख पसरले की अख्खी वस्ती सावलीत येई. मधोमध सावली दाट आणि गार, कडेला विरळ. त्याचे डोळे पोटाकडच्या बाजूला होते, त्यामुळे त्याला वरचे सूर्य कधी दिसलेच नाहीत. त्याला दिसायची ती खाली चालणारी माणसं. संध्याकाळी तो वाळूवर उतरला की माणसं त्याच्या पंखांतल्या गोचड्या काढत, आणि आपल्या आधी त्याला पाणी पाजत. तो बोलायचा कमी, पण बोलायचा.

या चालण्याची एक रीत होती. तिला फेरा म्हणत. गोंदाबा नावाचा म्हातारा अधूनमधून हाळी द्यायचा, "फेरा रे, फेरा!" की आतले कडेला यायचे, कडेचे आत जायचे, आणि सगळा घोळका चालता चालताच जात्यासारखा वळायचा. खालची माणसं वळली की वर झाकोळही त्यांच्याबरोबर वळायचा, म्हणून ऊन त्याच्या दोन्ही पंखांवर आळीपाळीने पडायचं. कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. ज्याने रीत घातली त्याला किती अक्कल होती बघा!

पण अक्कल काही वारशाने मिळत नाही. एका वर्षी वस्तीला नवा म्होरक्या आला. त्याच्या गळ्यात त्या जुन्या जहाजाचा एक पत्रा लटकलेला असायचा. त्याचा पूर्वज म्हणे जहाज चालवत होता. ते आपटलंही त्यानेच, पण तेवढं सोडून बाकीचं सगळं हा छाती फुगवून सांगायचा.

निघाल्यावर पहिल्याच दिवशी गोंदाबाने हाळी दिली. सगळे हलले. म्होरक्या हलला नाही.

"मी मधेच चालणार," तो म्हणाला. "माझ्या पूर्वजाने तुम्हाला इथे आणलं. मधली जागा आमच्या घराण्याची."

लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिली. एकाच माणसाचा तर प्रश्न आहे, म्हणून ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊ मधे आले. मग मेहुणे आले. मग त्यांच्या पेट्या आल्या, पेट्यांना सावलीची गरज असते म्हणे! मधला घोळका असा जाम झाला की फेरा बंदच पडला. कडेची माणसं मागे सरकत सरकत पार उन्हात गेली. आणि तरी ती गप्प. जिभा काय वाळूत पुरून ठेवल्या होत्या, देव जाणे.

त्या उन्हात भिवरा चालत होती. तिच्या कडेवर तिची लेक होती, ठकू. ठकूचं अंग सकाळपासून भाजत होतं आणि आता ती पाणीही ओकत होती. हिला आत्ताच्या आत्ता गार सावलीत नेलं नाही तर ही हातची जाईल, हे भिवराला दिसत होतं. ती माणसं बाजूला सारत म्होरक्यापर्यंत गेली.

"दादा, माझ्या पोरीला तेवढं मधी घ्या. मी ऱ्हाते भाईर. पोर तापली हाय वो."

"आज तुझी पोर, उद्या दुसरीची," म्होरक्या म्हणाला. "मग पेट्या कुठं ठेवू? जा, संध्याकाळी बघू."

संध्याकाळी! पोरीला धाप लागली होती आणि हा तिला संध्याकाळ दाखवत होता.

तेवढ्यात वरून झाकोळाचा आवाज आला. तो जड होता आणि थकलेला होता.

"फेरा घ्या. तुम्ही वळत नाही, म्हणून मीही वळत नाही. माझ्या एकाच पंखावर दिवसेंदिवस ऊन पडतंय. तो जळतोय."

आता तरी कुणी शहाणं व्हावं की नाही? म्होरक्याने मान वर करून सुनावलं, "तुझं काम उडायचं. आम्ही कसं चालायचं ते आम्हाला शिकवू नकोस!" मेहुणे हसले. बाकीच्यांनी वाळूकडे पाहिलं, जणू त्यांचं काही तिथे हरवलं होतं.

भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरं, लाजा वाटू द्या!" ती ओरडली. "त्यो तुमच्यासाठी जळतोय आन् तुम्ही खाली माना घालून चालताय? ह्यो पत्रा गळ्यात घालून सावलीचा धनी झाला, आन् तुम्ही होऊ दिला. माझी पोर मेली तर ती ह्यानं एकट्यानं न्हाई मारली. तुम्ही समद्यांनी मारली!"

आणि तिने ठकूला उराशी धरलं, पदराने झाकलं, आणि घोळक्याभोवती वळसा घेत चालायला लागली. एकटी. भर उन्हात. "फेरा! फेरा!" असं ओरडत.

मग गोंदाबा तिच्या मागे निघाला. त्याच्या मागे कडेची माणसं निघाली. मग त्यांच्या आतली. बघता बघता सारी वस्ती वळायला लागली, आणि पेट्यांच्या ढिगाऱ्यात म्होरक्या आणि त्याचे भाऊ-मेहुणे तेवढे उभे राहिले.

झाकोळाने खाली पाहिलं. माणसं वळत होती, म्हणून तोही वळला, आणि वळत वळत त्यांच्याबरोबर पुढे निघाला. त्याची सावली पेट्यांवरून सरकली. म्होरक्या पांढऱ्या सूर्याखाली उघडा पडला, त्याच्या गळ्यातला पत्रा तापून छातीला चटका बसला, आणि तो पत्रा भिरकावून, पेट्या टाकून तो भाऊ-मेहुण्यांसकट बोंबलत सावलीमागे पळाला.

भिवराला लोकांनी आत घेतलं. तिने ठकूला गार सावलीत, चौघांनी खांद्यावर घेतलेल्या खाटेवर निजवलं, ओठ ओले केले. दिवस मावळताना पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं आणि ते पोटात टिकलं.

पोर वाचली. पण सगळं भरून निघालं असं समजू नका. झाकोळ त्या संध्याकाळी उतरला तेव्हा त्याचा जळका पंख पापडासारखा मोडला आणि त्याचे तुकडे वाऱ्यावर उडून गेले. लोक रडले. गोंदाबाने त्याला पाणी पाजलं आणि माफी मागितली.

"रागावलो नाही," झाकोळ म्हणाला. "उरलेल्या एका पंखावर मी तरंगेन. पण हा पंख पुन्हा येणार नाही."

तेव्हापासून त्या वाळवंटात सावली अर्धीच पडते. ज्यांनी पंख जाळला त्यांच्यावरही अर्धी, जे गप्प बसले त्यांच्यावरही अर्धी, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्या लेकरांवरही अर्धीच.

तात्पर्य: सगळ्यांची सावली एकाने अडवली की ती सावलीच जळते, आणि ते बघून गप्प बसलेला प्रत्येक जण त्या पापाचा वाटेकरी असतो.