बोबडी हाळी

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात वैद्याची लेक परत आली. मुलांचे उच्चार सुधारण्याची विद्या ती दूरदेशी शिकली होती. तिला वाटलं होतं, ज्यांची जीभ अडते अशा मुलांना गाव घरात दडवून ठेवत असेल. आपण दारोदार जाऊन त्यांना बाहेर काढू. पाहते तर काय, अशी एक मुलगी गावाच्या खांद्यावर मिरवत होती!

तिचं नाव केवडा, वय आठ. ती 'क'ला 'त' म्हणे, 'ख'ला 'थ' आणि 'ग'ला 'द'. त्या गावाची रीत अशी, की जत्रेत महाप्रसादाची हाळी बोबड्या मुलानं द्यायची. सगळे पोट धरून हसले, की वर्ष हसतखेळत जाणार. एरवी हाळी देणारं मूल दर जत्रेला बदलायचं, कारण तीन-चार वर्षांच्या पोरांचं बोबडेपण वाढत्या वयाबरोबर आपोआप जायचं. केवडाचं गेलं नाही, म्हणून मान तिच्याकडेच राहिला.

"देवीचं देणं आहे हो," तिची आई कौतुकानं सांगे.

पण पोरं लपंडाव खेळू लागली की केवडा लांब जाऊन बसे. वैद्याच्या लेकीनं विचारलं, "तू का नाही खेळत गं?"

"राज्य आलं ती नावं ओरडावी लादतात, ताई. मद पोरं माझी नत्तल तरतात."

त्याच दिवसापासून दोघी कामाला लागल्या. मान वर करून पाण्याची गुळणी घोळवायची, जीभ मागे कुठं जाते ते ओळखायचं, मग पाण्यावाचून तोच आवाज काढायचा. कितीतरी दिवस नुसतं खाकरणंच झालं. एकदा अचानक 'क' निघाला आणि केवडा स्वतःच दचकली. मग 'ख' आला, 'ग' आला. सावकाश, एकेक अक्षर धरून, ती आपलं नाव म्हणू लागली.

हे पाटलांच्या कानावर गेलं. ते तडक आले.

"पोरी, जत्रा तोंडावर आली आणि तू आमची हाळी बिघडवतेस होय? एवढी जत्रा होऊ दे. तुझ्या शाळेला चावडी देतो. मग घास सगळ्यांच्या जिभा लखलखीत!"

चावडी मिळाली तर आसपासच्या गावांतली मुलंही येतील. थोडे दिवस थांबलं तर काय बिघडतं? वैद्याची लेक "बरं" म्हणाली आणि तिनं धडे थांबवले.

जत्रेत केवडा ओट्यावर चढली. तिनं दम घेतला आणि जपून, स्वच्छ हाळी दिली, "या हो गावकरी, गोड खीर खायला या!"

कुणी हसलं नाही.

"अगं, हे काय? तुझ्यासारखं म्हण की!" गर्दीतून कुणी ओरडलं. आईचा चेहरा उतरला. केवडानं वैद्याच्या लेकीकडे पाहिलं. वैद्याच्या लेकीनं मान खाली घातली.

"या हो दावतरी," केवडा म्हणाली, "दोड थीर थायला या!"

हशा उसळला. आईनं तिची दृष्ट काढली. आजवर केवडाची जीभ चुकत होती. आज केवडानं ती मुद्दाम चुकवली होती. हे एकट्या वैद्याच्या लेकीला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटलांच्या दारात उभी राहिली.

"पाटीलबाबा, चावडी नको मला."

"अगं, मग शिकवणार कुठं?"

"केवडाच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. आणि पुढच्या जत्रेला एखादं चार वर्षांचं पोर शोधा. त्याचं वयच बोबडं आहे, केवडाचं नाही."

उत्तराची वाट न बघता ती केवडाच्या अंगणात आली. पाण्याचा तांब्या खाली ठेवून तिनं मांडी घातली.

"ये केवडा. काल तू पहिल्यांदा म्हणालीस तेच बरोबर होतं. आता कुणासाठी थांबायचं नाही."

तात्पर्य एवढंच: मुलाचं बोबडं बोलणं आपल्याला गोड लागतं, म्हणून त्याला तिथंच अडवून ठेवू नये.