एकाच वाचकाचा प्रबंध

विद्यापीठात सातपुतेबाईंच्या शुद्ध गणिताच्या वर्गात बाकं चाळीस आणि विद्यार्थिनी एक. ती आजारी पडली की बाई रिकाम्या बाकांनाच शिकवत. बाकं परीक्षेला बसवली असती, तर निम्मी पास झाली असती.

एकदा कुलगुरू दारात येऊन गरजले, "बाई, एका मुलीसाठी वर्ग? उद्यापासून बंद!"

"सर, आपला पीएच.डी.चा प्रबंध ग्रंथालयात आहे. तीस वर्षांत तो एकदाच कुणी वाचायला नेलाय. मग तोही रद्दीत काढायचा?"

कुलगुरूंचा आवाज एकदम उतरला. "कुणी नेला होता?"

"मी."

त्यांनी चाचरत विचारलं, "कसा वाटला?"

"चाळिसाव्या पानावर चूक आहे. बसा, दाखवते."

त्या तासाला वर्गात विद्यार्थी दोन होते.